पाच खाचा आणि घराचा विमा

मित्रांनो, घरात येणारा प्रत्येक जण आधी दाराकडे बघतो. रंग कसा आहे, कडी कशी आहे, नावाची पाटी कुठे आहे. पण ते दार जिच्या अंगावर टांगलेलं असतं तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. ती मी. जुनी सागवानी चौकट. वय विचाराल तर साठीच्या पुढचं, आणि वजन विचाराल तर चार गड्यांना घाम फुटेल एवढं. स्वभावाने मी जरा मिजासखोर आहे, हे आधीच कबूल करून टाकते. कारण पुढे जो घोटाळा झाला त्यात माझ्या मिजाशीचाही वाटा होता.

जवळा बाजारच्या नरसिंग सुताराने मला घडवलं. एका आठवडी बाजाराच्या दिवशी आमच्या घरच्या द्वारकाबाईचे सासरे बैलगाडी घेऊन त्याच्या दुकानापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "चौकट अशी कर की माझ्या नातवाची वरात हिच्यातून निघाली पाहिजे." नरसिंगने रंधा न थांबवता उत्तर दिलं, "लाकडाची हमी माझी मालक. नातवाची तुमी घ्या."

हमी त्याने पाळली. माझे सांधे त्याने असे बसवले की त्यात केससुद्धा जाणार नाही. वरच्या पट्टीवर गणपती कोरला. सोंड जरा जास्त जाड झाली, हे खरं आहे. पण मालकांना गणपती आवडला, मग मी कशाला नाक मुरडू?

माझं पहिलं घर पूर्णा नदीच्या काठी होतं, गावाच्या खालच्या आळीत. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, पुढे ओटा आणि ओट्यावरून थेट नदी दिसायची. द्वारकाबाई त्या घरात नवरी होऊन आली तेव्हा काय झालं सांगू? पोरगी चांगली उंच. माप ओलांडलं आणि डोकं माझ्या पट्टीवर टाणकन आपटलं. सगळं वऱ्हाड हसलं. तिने कपाळ चोळत वर बघितलं आणि तीही हसली. त्या दिवसापासून आमची दोस्ती. पुढे घरात लेकरं झाली, सण झाले, भांडणं झाली, बारशी झाली. सगळे माझ्यातूनच आले आणि माझ्यातूनच गेले.

आता नदीचं सांगते. पूर्णा तशी गुणाची बाई, पण श्रावण-भादव्यात कधी कधी तिचं डोकं फिरायचं. पहिल्यांदा ती घरात शिरली तेव्हा पाणी घोट्याएवढंच होतं. पाणी ओसरल्यावर द्वारकाबाईच्या सासूने काय करावं? शिव्या द्याव्यात की नाही? पण ती उंबऱ्याशी हळदकुंकू आणि खण-नारळ घेऊन बसली. म्हणाली, "आलीस ती पाव्हणी म्हणून आलीस. तुझा मानपान झाला. आता इथून पुढं चढायचं न्हाई बरं का." आणि पाणी जिथवर आलं होतं तिथे सासऱ्यांनी पटाशीने माझ्या अंगावर खाच पाडली. म्हणजे नदीला आपली हद्द लक्षात राहावी!

नदी कसली ऐकते? पण रीत पडली ती पडली. प्रत्येक पुराची एक खाच. घोटा, गुडघा, परत गुडघा, मग कंबर. दर वर्षी महालक्ष्म्या बसायच्या दिवशी त्या खाचांमध्ये शेंदूर भरायचा. सासू गेल्यावर हे काम द्वारकाबाईकडे आलं, आणि तिने ते असं मनापासून केलं की लांबून बघणाऱ्याला वाटावं, चौकटीला कुंकवाच्या टिकल्याच लावल्यात.

पाचवी खाच सहा वर्षांपूर्वीची. त्या दिवशी भर दुपारी पाणी वाढत गेलं. माणसं वेळेवर शाळेच्या इमारतीत गेली म्हणून वाचली. घर मात्र वाचलं नाही. मातीच्या भिंती भिजल्या, फुगल्या आणि एकामागून एक बसल्या. द्वारकाबाईची सून पुनम, तिचं शिलाई मशीन आत राहिलं होतं. शिरड शहापूरला माहेरी असताना कपडे शिवून शिवून तिने ते घेतलेलं. चौथ्या दिवशी ते चिखलातून निघालं, पण चाक काही फिरलं नाही. पुनम मशीनला कडेवरच्या लेकरासारखं घेऊन बसली होती. मला फार वाईट वाटलं हो.

आणि मी? मी उभी होते! भिंती पडल्या, आढं पडलं, दार वाहून गेलं, पण नरसिंगच्या हाताची चौकट जागची हलली नाही. द्वारकाबाईच्या मुलाने, वैजनाथने, चार गडी लावून मला काढलं आणि अंगावरची चिखलाची रेघ बघून पाचवी खाच पाडली. छातीइतकी उंच.

वर्षभरात सगळी खालची आळी उठून माळावर गेली. नदीपासून चांगली लांब आणि उंच जागा. तिथे विटा-सिमेंटचं घर बांधलं, वर पत्रे टाकले. गवंडी म्हणाला, लोखंडी चौकट बसवू, स्वस्त पडेल. द्वारकाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "लोखंडाची बसवायची असल तर तुझ्या घरी बसव. ही चौकट जिथं, तिथं माझं घर." झालं. मी माळावर आले. नव्या भिंतीत, नव्या दारासकट.

माळावर आल्यावर आम्हा दोघींना एक खोड लागली. नवा माणूस दिसला की द्वारकाबाई त्याला माझ्यापुढे उभं करायची आणि खाचा दाखवायची. "हे बघा. घोटा. गुडघा. आणि ही बघा, छातीइतकं पाणी होतं आमच्या घरात! पण चौकट हलली का? न्हाई!" पाहुणा "बाप रे" म्हणायचा आणि मी फुगायचे. सोयरे आले, दाखव खाचा. दूधवाला आला, दाखव खाचा. निवडणुकीचा उमेदवार मतं मागायला आला, त्यालाही पाच खाचा बघितल्याशिवाय सुटका मिळाली नाही.

इकडे पुनमच्या मनात वेगळंच चाललं होतं. तिने नवं मशीन घेतलं होतं आणि शाळेचे गणवेश शिवायला घेतले होते. बचत गटाच्या बैठकीत तिला कळलं की घराचाही विमा निघतो. वर्षाला हप्ता भरायचा आणि पूर, आग, वादळ यात घर पडलं की भरपाई मिळते. ती घरी आली ती ठरवूनच.

वैजनाथ म्हणाला, "घर पक्कं हाय. पैसे काहून घालवून राहिली?"

"जुनं बी पक्कंच म्हणत होते तुमी," पुनम म्हणाली. "तवा मशीन गेलं माझं. दुसऱ्यांदा चिखलातून काही उचलायची ताकद न्हाई माझ्यात. मी शिवून पैसे भरते. तुमी नुसतं व्हय म्हणा."

वैजनाथ व्हय म्हणाला. तीन महिने मशीन खडखडत राहिलं आणि पुनमने तीन हजार रुपये बाजूला काढले. तिला एवढंच हवं होतं, की या घराच्या पाठीशी एक कागद असावा. तो कागद मिळतो की नाही, सगळं त्यावर अडलं होतं.

मग एक दिवस विमा कंपनीकडून घराची पाहणी करायला संतोष आला. हिंगोलीहून मोटारसायकलवर आलेला तरणा मुलगा, उन्हाने लाल झालेला. पुनम शाळेत गणवेश पोचवायला गेली होती, वैजनाथ शेतात. घरी फक्त द्वारकाबाई. आता तुम्हीच सांगा, नवा माणूस दारात आला म्हटल्यावर काय होणार?

"साहेब, आधी इकडं या," द्वारकाबाई म्हणाली.

संतोष आला. त्याने घोटा बघितला, गुडघा बघितला, कंबर बघितली. छातीच्या खाचेपाशी तो थबकला. "मावशी, इथवर पाणी आलं होतं? तुमच्या घरात?"

"व्हय तर! पाच बारी आलं पाणी आमच्या घरात. पहिलं तर माझ्या लग्नाच्या बी आधी. शेंदूर भरते मी दर वर्षी. काढा की फोटो!"

त्याने मोबाइल काढला. आणि मित्रांनो, खरं सांगते, मी अशी ऐटीत उभी राहिले की विचारू नका. शेंदूर चमकत होता, गणपती चमकत होता. संतोषने फीत लावून प्रत्येक खाचेची उंची मोजली, कागदावर लिहिलं, दोन कप चहा घेतला आणि गेला. हे खाचांचं लाकूड अर्धा कोस खालून आलंय, हे तिने सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. भिंती नव्या दिसत होत्या, पण पुढचा भाग नवा करून घेतलेली जुनी घरं त्याने ढिगाने बघितली होती. मला सगळं माहीत होतं. पण मला तोंड कुठे आहे?

दहा दिवसांनी पुनमच्या मोबाइलवर आकडा आला. हप्ता सात हजार दोनशे रुपये. दर वर्षी. पुनम उंबऱ्यावर बसली, अगदी माझ्या पायाशी. शेजारचे उकंडराव तिथून चालले होते. त्यांनीही त्याच महिन्यात विमा काढला होता.

"काका, तुमाला किती सांगितले?"

"सोळाशे."

"सोळाशे? मग आमालाच सात हजार काहून? भिंतीला भिंत लागून हाय आपली!"

तिने तिथूनच संतोषला फोन लावला. तो बिचारा सरळ बोलला. "ताई, तुमच्या घरात पाच वेळा पूर आलाय. शेवटी तर छातीइतकं पाणी. मावशींनीच दाखवलं. फोटो आहे माझ्याकडे."

पुनमने फोन ठेवला. मग हळूच मान वळवून माझ्याकडे बघितलं. घोटा, गुडघा, गुडघा, कंबर, छाती. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं.

संध्याकाळी घरात जो तमाशा झाला तो सगळ्या माळाने ऐकला.

"मी खोटं काय बोलले?" द्वारकाबाई म्हणाली. "आलं नव्हतं का पाणी?"

"आलं होतं आत्या. पण या घरात न्हाई ना आलं."

"घर तेच हाय! चौकट तीच हाय!"

वैजनाथला भांडण मिटवायची घाई झाली. तो म्हणाला, "जाऊ द्या. सकाळी मशीनचा रंधा आणतो अन् खाचा साफ करून टाकतो. खाचा गेल्या की विषय संपला. न्हाई तर चौकटच काढू. लोखंडाची बसवू."

माझ्या अंगावर काटा आला. साठ वर्षं मी हे घर धरून ठेवलं आणि आता मलाच रंधा?

पण पुनमच आडवी आली. "काही रंधा-बिंधा आणायचा न्हाई. उद्या खरंच पाणी आलं, तर विमावाले म्हणतील तुमी लपवलं. फोटो त्यांच्यापाशी हाय. मग हप्ता बी गेला अन् भरपाई बी गेली. खोटं करून घेतलेला कागद मला नको. जे खरं हाय ते आत्यांनीच त्यांना सांगायचं."

"मी न्हाई सांगणार," द्वारकाबाई म्हणाली आणि तोंड फिरवून बसली.

दोन दिवस ती मागच्या दाराने जा-ये करत होती. एवढी उंच बाई, पण त्या मागच्या ठेंगण्या दारातून वाकून जायची. माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. मला वाटायचं, कमाल आहे बाईची! एक वाक्य तर बोलायचंय. एवढा हट्ट कशाला? मीही रुसले होते तिच्यावर.

तिसऱ्या दिवशी सकाळी पुनम मशीनवर बसली होती. द्वारकाबाई चहाचा कप घेऊन आली, तिच्यापुढे ठेवला आणि माझ्या उंबऱ्यावर टेकली.

"पोरी," ती म्हणाली, "ते घर पडलं, हे मी माझ्या तोंडानं आजवर कुणालाच बोलले न्हाई. पाणी आलं होतं म्हणते. चौकट हलली न्हाई म्हणते. घर पडलं म्हणत न्हाई. माझं सगळं आयुष्य गेलं त्या घरात. या घरात पाणी आलंच न्हाई म्हणलं, की ते घर येगळं होतं म्हणावं लागतं. अन् ते गेलं म्हणावं लागतं."

पुनमने मशीन थांबवलं. सासूजवळ येऊन बसली. "मला बी त्या घराची सय येते आत्या," ती म्हणाली, "पण मला हे घर राखायचंय."

द्वारकाबाईने पदराने डोळे पुसले. मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, "लाव त्या पोराला फोन. अन् चहा थंड होऊन राहिला तुझा."

संतोष दुसऱ्याच दिवशी आला. द्वारकाबाई त्याला आणि पुनमला घेऊन खाली नदीकाठी गेली. पुरानंतर सहा वर्षांत तिने तिकडे पाऊल टाकलं नव्हतं. मी भिंतीत रोवलेली, मी कशी जाणार? पण परत आल्यावर पुनमने उकंडरावांना सगळं सांगितलं, तेव्हा मी कान टवकारून ऐकलं. जुन्या घराचं जोतं अजून आहे म्हणे. दगड तसेच, मध्ये बेशरमाची झुडपं. जोत्यात जिथे मी उभी होते तिथे खड्डा पडलेला. द्वारकाबाई नेमकी त्या खड्ड्यात जाऊन उभी राहिली आणि आडवा हात छातीवर धरला.

"बाळा, इथवर आलं होतं पाणी. हे माझं घर होतं. हे पडलं. वर जे बघितलं ते दुसरं घर, पाच वर्षांखाली बांधलेलं. त्यात पाण्याचा थेंब आलेला न्हाई. चौकट तेवढी इथून नेली आमी. मी बढाई मारली, तुला तकलीफ झाली."

संतोषने कपाळावर हात मारला. म्हणाला, "चूक माझी पण आहे मावशी. घर कधी बांधलं, हे मी विचारायलाच पाहिजे होतं." त्याने जोत्याचे फोटो काढले, ग्रामपंचायतीतून घराच्या नोंदीचा उतारा घेतला आणि सगळं पुन्हा लिहून पाठवलं.

आठवड्याने तो हसत हसतच दारात आला. नवा हप्ता एकवीसशे रुपये.

पुनमला आनंद झाला, पण ती काही लगेच सोडणारी नव्हती. "उकंडरावकाकाला सोळाशे अन् मला एकवीसशे काहून?"

"त्यांच्यावर स्लॅब आहे ताई. तुमच्यावर पत्रे आहेत. वादळात पत्रे उडतात."

"हे बराबर बोलले," पुनम म्हणाली. "हे खरं हाय, म्हणून कबूल. एकवीसशे घ्या."

संतोष ओट्यावर बसून अर्ज भरायला लागला. "घर कोणाच्या नावावर आहे?"

"माझ्या," द्वारकाबाई म्हणाली. मग पुनमकडे बघत म्हणाली, "कागद पुनमच्या नावानं कर."

"तसं होत नाही मावशी. ज्याच्या नावावर घर, त्याच्याच नावाने विमा."

"असं व्हय?" द्वारकाबाई उठली आणि चपला शोधायला लागली. "मग तू चहा पी. आमी ग्रामपंचायतीत जाऊन येतो. घरावर माझ्याबराबर हिचं बी नाव लावायचा अर्ज देते."

पुनमने हातातली कपबशी खाली ठेवली. "आत्या..."

"आत्या काय? त्या घराला मी कवटाळून बसले. हे घर वाचवलंस तू. मग नाव कुणाचं लागंल? चल, ग्रामसेवक जेवायला गेला की तासभर येत न्हाई."

आणि दोघी माझ्यातून बाहेर पडल्या, सासू पुढे, सून मागे. संतोष एकटाच चहा पीत बसला. तो म्हणत होता, "अहो मावशी, आज सही करून टाका, नाव नंतर वाढवता येतं." पण ऐकायला तिथे होतं कोण? मी सोडून?

विमा निघाला. दोन महिन्यांनी घराच्या उताऱ्यावर पुनमचंही नाव लागलं आणि मग विम्याच्या कागदावरही लागलं. द्वारकाबाईची खोड मात्र गेलेली नाही. फक्त बोलणं बदललंय. आता ती पाहुण्याला सांगते, "ह्या पाच खाचा खालच्या घराच्या. ते घर पुरात पडलं. आणि हे घर बघा, ठणठणीत कोरडं! खोटं वाटत असल तर विचारा विमावाल्याला!"

मित्रांनो, जाता जाता या म्हाताऱ्या चौकटीचं थोडं ऐकाल का? तुमच्या घरात जुनं लाकूड असेल तर वर्षातून एकदा त्याला जवसाचं तेल पाजा आणि त्याच्या पायाशी पाणी साचू देऊ नका. ते कुठून आलं, कोणी आणलं, हे घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. सांगताना त्यांनी डोळे पुसले तर घाई करू नका, शेजारी बसून राहा. आणि घराविषयी कोणी विचारलं तर आहे ते सांगा, जास्त नको आणि कमीही नको. मी स्वतः ऐट करून पाच हजारांचा घोटाळा करून बसले होते, म्हणून हक्काने सांगते.